त्रागा करावा लागतो

सकाळी साडेसहाला मामांचं चष्म्याचं घर टीव्हीखालच्या टेबलावरून फ्रिजवर गेलं आणि सात वाजता मामांनी चहा सोडला. सोडला म्हणजे त्या दिवसापुरता. नेमकं सांगायचं तर त्या कपापुरता. पण "मला नको" हे ज्या स्वरात आलं तो ऐकून परक्या माणसाला वाटलं असतं, हा गृहस्थ आता काशीला निघाला.

मामी म्हणाली, "अहो, तुमचाही टाकलाय."

"तुम्ही घ्या."

"आल्याचा आहे."

इथे मामा जरा अडखळले. आल्याचा चहा हा त्यांचा जीव की प्राण, आणि अशा माणसाचा कस अशाच वेळी लागतो. "घ्या सगळ्यांनी. माझं काय!" असं म्हणून ते गॅलरीत गेले आणि ऊन येत होतं त्या बाजूला तोंड करून मोडक्या खुर्चीवर बसले. चांगली खुर्ची शेजारीच होती.

ती मोडकी खुर्ची नीट लक्षात ठेवा. सगळी गोम तिच्यात आहे.

माझे हे मामा साताऱ्याचे. सरकारी हिशेबखात्यात ३६ वर्षं काढली, आता वय ७४. माणूस तापट मुळीच नाही. त्यांनी कुणावर आवाज चढवलेला किंवा भांडं आपटलेलं मी उभ्या जन्मात ऐकलं नाही. इतर लोक दुसऱ्याचं चुकलं की दुसऱ्याला बोलतात. मामा दुसऱ्याचं चुकलं की स्वतःला शिक्षा देतात, आणि ती सगळ्यांना दिसेल अशा जागी बसून भोगतात. आमटीत मीठ जास्त झालं की ते कोरडी पोळी खातात, पाण्याच्या घोटाबरोबर, आणि घोटाचा आवाज होईल याची काळजी घेतात. कुणी गीझर बंद केला की जानेवारीत गार पाण्यानं अंघोळ करतात, आणि एरवी मुकाट्यानं नाहणारा हा माणूस त्या दिवशी "हर हर गंगे" असं म्हणतो की खालच्या मजल्यावरचा कुत्रा उठून बसतो. एका जुलैत त्यांची छत्री मुलगा घेऊन गेला. घरात आणखी तीन होत्या. मामा पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत साताऱ्याच्या त्या पावसात भिजत गेले, भिजत आले, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला म्हणाले, "छत्र्या आहेत हो. घरात चार आहेत."

एक हिशेब मात्र त्यांनी कधी चुकू दिला नाही. पुरणपोळीच्या दिवशी मामांनी जेवणावर राग काढल्याची नोंद नाही. दुधीच्या भाजीला काढलेला आहे. पडवळाला तर दर वेळी काहीतरी घडतंच.

घरात प्रत्येकाचा चिडण्याचा शब्द ठरलेला आहे. मुलाचा शब्द "वैताग". ऑफिसातून आला की बूट काढता काढता तो एकदा म्हणतो आणि मोकळा होतो. मामीचा शब्द "वीट". ती जुनी माणसं बोलतात तसं "मला अगदी वीट आलाय बाई" म्हणते. सोसायटीच्या कुंपणाची भिंत बांधायला काढली होती तेव्हा ती बहिणीला फोनवर हेच सांगत होती आणि मामा आतून ओरडले, "आला नव्हे, आली! किती आल्या? मोजून घ्या म्हणावं." आयुष्यभर आवक-जावक लिहिलेल्या माणसाला वीट म्हटली की ती स्त्रीलिंगीच असते. नातीचा शब्द "इरिटेट". ती पुण्यात कायदा शिकते, सुट्टीला येते आणि "मला ना खूप इरिटेट होतंय" असं दिवसातून दहा वेळा हसत हसत म्हणते.

त्या चष्म्याच्या घराच्या दिवशी ती घरी होती. चहा घेऊन गॅलरीत गेली आणि म्हणाली, "आबा, एवढ्याशा गोष्टीवरून तुम्ही इरिटेट का होता?"

मामा उन्हाकडे बघत म्हणाले, "मी इरिटेट होत नाही. मी त्रागा करतो."

नात हसली. मी मात्र चपापलो, कारण मामा व्याकरणाच्या अंगानं बोलले होते आणि बिनचूक बोलले होते. मराठीत राग येतो, चीड येते, कंटाळा येतो, वैताग येतो, वीट येतो, उबग येतो. सगळे आपले न कळवता आलेले पाहुणे. आपण घरात बसलेलो, ते येतात. संताप होतो, त्रास होतो. त्यातही आपला हात नाही. वात तर दुसरंच कुणीतरी आणतं. (आयुर्वेदाच्या तीन दोषांपैकी दोघांना मराठीनं या कामाला जुंपलं आहे: वात आणतात, पित्त खवळतं. कफाला तेवढं कुणी विचारलं नाही.) पण "मला त्रागा आला" असं म्हणणारा मराठी माणूस सापडायचा नाही. त्रागा करावा लागतो. तो आपोआप होत नाही. त्याला मेहनत आहे, जागा लागते, वेळ लागते, आणि मुख्य म्हणजे समोर कुणीतरी लागतं. रिकाम्या घरात माणूस चिडू शकतो, रडू शकतो. रिकाम्या घरात त्रागा करून दाखवा बरं!

त्यातही घरातली माणसं समजूत घालताना म्हणतात, "त्रागा करून घेऊ नकोस." या "घेऊ"त सगळं आलं. घाव स्वतःवर घालून घ्यायचा असतो.

हे "घाव" मी अलंकारिक बोलत नाही. या शब्दाच्या मागे खरोखरीची कट्यार आहे.

गुजरातीत हाच शब्द "त्रागुं" असा आहे, आणि तो काठेवाड-राजस्थानच्या चारणांशी जोडलेला आहे. चारण म्हणजे राजेरजवाड्यांची कवनं रचणारी, वंशावळी राखणारी मंडळी. चारण हा देवीचा माणूस, त्याच्या रक्ताचं पाप अंगावर घेईल त्याचा वंश बुडेल, अशी पक्की श्रद्धा. या श्रद्धेवर त्यांचा दुसरा धंदा चाले तो जामिनकीचा. दोन ठाकुरांमध्ये तह झाला, कुणी कर्ज काढलं, कुणाचा मालाचा तांडा लुटारूंच्या मुलखातून जायचा असला की चारण मध्ये उभा राही. लेखी करार असला तर त्याच्या सहीबरोबर कट्यारीचं चित्र काढलेलं असे. आणि शब्द मोडला गेला तर चारण शब्द मोडणाऱ्याला हात लावत नसे. तो त्याच्या दारात जाऊन बसे आणि स्वतःच्या अंगावर कट्यार चालवी. आधी दंडावर, हातावर. तेवढ्यानं भागलं नाही तर जिवावर. कधी स्वतःच्या, कधी घरातल्याच कुणाच्या, आणि त्यात म्हाताऱ्या माणसांचा नंबर लवकर लागे. रक्त दारात सांडलं की पाप त्या घराचं. याला म्हणायचं त्रागा. अलेक्झांडर किनलॉक फोर्ब्स या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यानं गुजरातचा इतिहास सांगणारा "रासमाला" नावाचा ग्रंथ लिहिला, तो १८५६ साली निघाला. त्यात हे सारं आहे. ज्या ठिकाणी कुणी असा जीव दिला तिथे दगड उभारत. त्यांना पाळिये म्हणतात, आणि काठेवाडातल्या गावांच्या वेशींवर असे दगड आजही उभे दिसतात.

आपल्या लोकांना हा प्रकार नवा नव्हता. गायकवाडांच्या आणि पेशव्यांच्या फौजा मुलूखगिरीला काठेवाडात जात, खंडणीची जामीनपत्रं त्यांनीही घेतली. आणि आपल्याकडे चारण नसले तरी धरणं होतंच. थकलेल्या पैशांसाठी देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचं. तो बसला आहे तोवर आतल्यानंही जेवायचं नाही. ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०९ साली शिंद्यांच्या छावणीतून पत्रं लिहिली, त्यात पगार थकलेल्या शिपायांची धरणी आहेत. म्हणजे मागणं दुसऱ्याकडे आणि उपास आपला, ही रीत घरचीच.

शब्दांचं नशीबही गमतीचं असतं. "त्रास"चा अर्थ संस्कृतात भीती. मराठीत येईपर्यंत त्याचं शेजाऱ्याचा रेडिओ झालं. "राग" म्हणजे संस्कृतात रंग, आसक्ती. "अनुराग"मध्ये ती अजून शिल्लक आहे. आपण त्याला डोळे वटारायला शिकवलं. "हैराण" म्हणजे मुळात थक्क झालेला, हिंदीत अजून तेच; मराठीत तो घामाघूम होऊन येतो. हे शब्द आपल्याकडे येऊन जास्त चिडके झाले. त्रागा मात्र निवत निवत आला. काठेवाडात निघताना हातात कट्यार होती, साताऱ्यात पोचेपर्यंत हातात फक्त न घेतलेला चहा राहिला.

हे मी मामांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ते ओशाळतील. ते खुर्चीत ताठ झाले. (चांगल्या खुर्चीत होते. रात्रीचं जेवण झालं होतं.) "म्हणजे याला परंपरा आहे," ते म्हणाले.

"आबा, याला कलमसुद्धा आहे," नात म्हणाली.

आणि तिनं फोन काढून वाचायला सुरुवात केली. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेचं कलम ५०८. माझ्या मनासारखं केलं नाहीस तर तुझ्यावर देवाचा कोप होईल असं समोरच्याला भासवून त्याच्याकडून काही करवून घेणं, हा गुन्हा. एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. खाली सरकारनंच दिलेली दोन उदाहरणं. पहिलं दारात धरणं धरून बसणाऱ्याचं. दुसरं, अमुक केलं नाहीस तर मी माझं स्वतःचं मूल मारीन अशी धमकी देणाऱ्याचं. आता नवी न्याय संहिता आली तरी हे गेलेलं नाही. तिथे ते ३५४ वं कलम आहे.

"एक वर्ष?" मामी स्वयंपाकघरातून म्हणाली. तिच्या आवाजात दचकण्यापेक्षा चौकशी जास्त होती.

मामांनी मग गांधीजींना मध्ये आणलं. गांधीजी काठेवाडचे, पोरबंदर-राजकोटचे. त्यांनी उपास केला तर सत्याग्रह आणि मी एक कप चहा सोडला तर कलम? मुद्दा वाटतो तितका पोकळ नव्हता. १९३९ च्या मार्चमध्ये राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी दिलेला शब्द मोडला म्हणून गांधीजी उपासाला बसले होते. गावही तेच, कारणही तेच: मोडलेला शब्द. मामांनी विजयी मुद्रेनं आमच्याकडे पाहिलं. पण नात कायदा शिकत होती, तिनं पुढचं पान वाचलं. व्हाइसरॉय मध्ये पडले, सरन्यायाधीश ग्वायर यांनी निवाडा गांधीजींच्या बाजूनं दिला, आणि मे महिन्यात गांधीजींनी तो निवाडा स्वतःहून सोडून दिला. त्या उपासात आपण समोरच्यावर जबरदस्ती केली, असं त्यांनीच जाहीर केलं.

"मग तुम्ही कधी जाहीर करणार, आबा?"

मामा झोपायला गेले. सतरंजीवर. गादीवर मी झोपलो आणि रात्रभर मला ती टोचली. त्रागा लागू पडतो तो असा.

लागू पडतो, पण सगळीकडे नाही, आणि हे मामांना एका नोव्हेंबरात कळलं होतं. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे आपणच जाऊन सांगायचं. मामा बँकेत गेले. दोन तास रांगेत उभे राहिले, खिडकीपाशी आले तेव्हा कळलं की फॉर्म जुना आहे, नवा आणा. घरी असते तर इथे चहा सुटला असता. बँकेत चहा कुणी देतच नव्हतं. तेव्हा मामांनी हाताशी होतं तेच टाकलं.

"मग राहू दे," ते म्हणाले. "नाही देत मी दाखला. मेलो असं समजा."

खिडकीतला मुलगा पंचविशीचा असेल. मान वर न करता म्हणाला, "मग कुटुंब निवृत्तिवेतन, काका. चार नंबरची खिडकी. मृत्यूचा दाखला आणि काकूंना घेऊन या."

मामा तो प्रसंग हसत सांगत नाहीत. मी त्यांच्याबरोबर होतो, म्हणून मला माहीत. चारणाचं नेमकं हेच झालं. कट्यारीला धार होती ती समोरचा पापाला भीत होता तोवर. पुढे दारात इंग्रज न्यायाधीश आला. त्याला वंश बुडण्याचं भय नव्हतं, त्यानं रक्त पाहिलं आणि वहीत गुन्हा नोंदवला. तहाला जामीन चारणाऐवजी कंपनी सरकारच राहू लागलं. त्रागा कुणीच जिंकला-हरला नाही, फक्त खिडकी बदलली.

म्हणून मामा आता बाहेर कुठे त्रागा करत नाहीत. रिक्षावाल्यानं जास्त घेतले तर देतात. दुकानदारानं वजनात मारलं तर गप्प राहतात. सगळं साठवून घरी आणतात, जिथे अजून पापभीरू माणसं राहतात. तुमच्याही घरी असा कुणी असेल तर त्याच्या "नको"चा जरा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण तेवढ्यासाठी त्याला दिवसातून पाच वेळा विनवावं असं माझं मत नाही. विनवण्यानं हे लोक चढतात. रामायणातल्या अयोध्येत राजवाडा होता, तिथे कैकेयीला रुसून जमिनीवर पडायला वेगळं क्रोधागार होतं आणि दशरथाला वेळही होता. दोन खोल्या आणि एक गॅलरी एवढ्या जागेत ते परवडत नाही.

मामीची रीत पाहण्यासारखी आहे. ती दोनदा विचारते. तिसऱ्यांदा विचारलेलं मी एकदाही पाहिलं नाही. तिसऱ्या खेपेला ती चहाचा कप गॅलरीच्या कठड्यावर ठेवते, वर बशी झाकते आणि आत निघून जाते. जाताना गॅलरीच्या दाराचा पडदा ओढते. आत मग भांडी जरा मोठ्यानं लावते. दहा मिनिटांनी कप मोरीत विसळून पालथा घातलेला असतो. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. मामांचा शब्द राहतो, आल्याचा चहा वाया जात नाही.

त्या चष्म्याच्या घराच्या सकाळीही हेच झालं. चष्म्याचं घर फ्रिजवर कुणी ठेवलं होतं, हे दुपारी कळलं. मामांनीच. सकाळी पाण्याची बाटली काढताना. ते कुणी बोलून दाखवलं नाही. संध्याकाळी मामांनी गुपचूप पाव किलो कंदी पेढे आणले आणि "सहज दिसले" म्हणाले.

कठड्याला पांढरा रंग होता. त्यावर कपाच्या बुडाची गोल, तपकिरी वर्तुळं उमटली आहेत. काही एकात एक अडकलेली, काही पावसानं पुसट झालेली. नातीला पाळिये ठाऊक झाल्यापासून ती त्या कठड्याला पाळिया म्हणते. दिवाळीआधी घर रंगवायला काढलं तेव्हा रंगारी पॉलिश पेपर घेऊन गॅलरीत गेला. मामी म्हणाली, "तेवढा कठडा राहू दे."

रंगाऱ्यानं कठडा सोडून घर रंगवलं. चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मामांनी चहा तीन वेळा नाकारला.